सिरॅमिक हॉबची कॉइल सारखी लाल-काळी का होते? आच नेमकी कोण ठरवतं?

राजगिरा (श्टुटगार्ट) | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

जर्मनीत भाड्याच्या घरात सिरॅमिक हॉब आहे. वर काळी काच, खाली लाल होणारी कॉइल, समोर बोटाने दाबायची बटणं आणि १ ते ९ आकडे. आयुष्यभर पुण्यात गॅसवर स्वयंपाक केला. तिथे ज्योत डोळ्यांना दिसते, त्यामुळे आच किती आहे हे कधी विचारावं लागलं नाही.

इथे ६ वर ठेवलं की कॉइल लाल होते, विझते, पुन्हा लाल होते. फोनवर वेळ लावून पाहिली. ६ वर साधारण १५ सेकंद लाल आणि ३० सेकंद काळी. ३ वर जेमतेम ५ सेकंद लाल, मग चाळीसेक सेकंद काळी. म्हणजे हा आकडा तापमानाचा नाही का?

स्वयंपाकात त्याचा त्रास असा होतो: दूध बराच वेळ गप्प बसतं आणि एकदम वर येतं. पोळ्या एक छान, एक पांढरट, एक करपलेली. आणखी एक कोडं आहे. ९ वर कॉइल अखंड लाल राहायला हवी. भाजीच्या पातेल्याखाली राहतेही. पण माहेरून आणलेला पोळीचा तवा ठेवला की ९ वरसुद्धा मधेच विझते. घरमालकांना कळवण्याआधी यात बिघाड आहे की नाही ते समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी जरूर लिहा.

---

शेवंती (म्युनिक) | शनिवार, सकाळी १०:४०

आमचाही अगदी असाच वागतो, आणि आधीच्या घरातलाही असाच होता. त्यामुळे बिघाड नसावा. पण कारण मलाही हवंय. वाचतेय.

---

जुना_वायरमन (नाशिक) | शनिवार, दुपारी १:०५

राजगिरा ताई, हॉब ठणठणीत आहे. तुम्ही वेळ मोजलीत हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. माझी नोकरी हीटर आणि त्यांचे कंट्रोल यांतच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेखाली एक उथळ थाळी असते. तिच्यात पांढरं, भुसभुशीत इन्सुलेशन दाबून बसवलेलं असतं. ते मुख्यतः अतिशय बारीक सिलिकाचं असतं. त्यात लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची पातळ नागमोडी पट्टी उभी रोवलेली असते. वीज मिळाली की काही सेकंदांत ती लालभडक होते. खालून उष्णता सुटायला वाट नाही, म्हणून ती किरणांच्या रूपात वर जाते, काचेतून पार होते आणि भांड्याच्या बुडाला लागते. थोडी उष्णता काच स्वतः शोषते, तापते आणि भांड्याला टेकून देते.

या पट्टीच्या दोनच अवस्था असतात: पूर्ण वीज किंवा शून्य. तुमचा झोन, म्हणजे काचेवरचा भांडं ठेवायचा गोल, १८ सेंमीचा असेल तर तो साधारण १८०० वॅटचा असणार. लाल असताना १८००, काळी असताना ०. हॉब फक्त ठरवतो की दर पाऊण मिनिटात किती वेळ लाल ठेवायचं.

आता तुमचेच आकडे घ्या. ६ वर ४५ सेकंदांपैकी १५ सेकंद लाल, म्हणजे एक तृतीयांश वेळ. सरासरी ६०० वॅट. ३ वर ४५ पैकी ५, म्हणजे नववा हिस्सा. सरासरी २०० वॅट. आकडा निम्मा केला आणि आच मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आली. हे मुद्दाम केलेलं असतं. उकळी आणायला जोर लागतो, पण एकदा उकळी आली की ती टिकवायला फारच थोडी आच पुरते, आणि स्वयंपाकातलं सगळं कसब त्या थोड्या आचेत असतं. म्हणून खालचे आकडे एकमेकांच्या जवळ ठेवतात आणि वरचे लांब. ९ वरून ८ वर आलात तरी आच बरीच पडते. २ वरून १ वर आलात तर जेमतेम कळते.

सगळ्यात महत्त्वाचं: या व्यवस्थेत तुमच्या भांड्याचं तापमान कोणी मोजत नाही. हॉबला ठाऊक नसतं की वर चार लिटर आमटी आहे की दोन चमचे तूप. तो दोघांना सारखेच ६०० वॅट देतो. आमटी शांतपणे खदखदते आणि तूप धूर सोडायला लागतं. ओव्हनमध्ये १८० लावलं की आत थर्मोस्टॅट असतो आणि तो १८० च्या आसपास थांबवतो. तीच समजूत हॉबला लावली की घोटाळा होतो.

९ वर तव्याखाली विझते त्याचं कारण निराळं आहे. ते संध्याकाळी लिहितो.

---

मोगरा_६८ (लेस्टर) | शनिवार, दुपारी २:३१

काका, खूप स्वच्छ समजावलंत. आमच्याकडे बटणं नाहीत, फिरवायचे नॉब आहेत. इथे त्या नॉबमागच्या डबीला दुकानात सिमरस्टॅट म्हणतात. तिच्यात कुठलाच इलेक्ट्रॉनिक भाग नाही असं दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितलं. मग ती वेळ कशी मोजते?

---

जुना_वायरमन (नाशिक) | शनिवार, संध्याकाळी ६:५०

मोगरा ताई, त्या डबीचं मला फार कौतुक वाटतं.

आत बायमेटलची पट्टी असते. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले. तापले की एक जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. या पट्टीजवळ एक चिमुकला हीटर असतो. कॉइलला वीज मिळते तेव्हा त्यालाही मिळते. तो पट्टीला तापवतो, पट्टी वाकते, टक्कन संपर्क तुटतो. कॉइल बंद, चिमुकला हीटरही बंद. पट्टी निवते, सरळ होते, संपर्क पुन्हा जुळतो. हेच चक्र चालत राहतं. नॉब फिरवल्यावर तुम्ही एका कॅमने पट्टीवरचा ताण बदलता, म्हणजे तिने किती तापल्यावर तुटायचं ते बदलता.

यातून दोन गोष्टी आपोआप होतात, त्या स्वयंपाक करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हॉब गार असताना चालू केलात तर पट्टीही गार असते, त्यामुळे पहिला लाल टप्पा नंतरच्या टप्प्यांपेक्षा लांबतो. नॉब ३ वर असूनही सुरुवातीला आच मोठी वाटते ती यामुळे. दुसरं म्हणजे, बहुतेक डब्यांत तो चिमुकला हीटर थेट घरच्या व्होल्टेजवर चालतो. व्होल्टेज पडलं तर तोही सावकाश तापतो, पट्टी उशिरा तुटते आणि कॉइल जास्त वेळ चालू राहते. म्हणजे व्होल्टेज कमी झाल्याची काही भरपाई ती डबी स्वतःच करते. कुठली चिप नाही, प्रोग्रॅम नाही.

बटणांच्या हॉबमध्ये हेच काम मायक्रोकंट्रोलर (छोटी चिप) आणि रिले (तिच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा स्विच) करतात. नीट ऐकलंत तर लाल होताना आणि विझताना बारीक टकटक ऐकू येते.

---

निळू_फुले_नव्हे_निळू (पिंपरी) | शनिवार, संध्याकाळी ७:२०

काका, एक शंका. पंख्याचा रेग्युलेटर वेग हवा तसा कमी-जास्त करतो. तसं कॉइलला कायम ६०० वॅट का देत नाहीत? ही लाल-काळी भानगडच राहणार नाही.

---

जुना_वायरमन (नाशिक) | शनिवार, संध्याकाळी ७:५५

प्रश्न रास्त आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो. पंखा ७०-८० वॅटचा, म्हणून चालून जातं. दोन हजार वॅटच्या हीटरला तसंच केलं तर लाटेचा आकार बिघडतो आणि त्याचा उपद्रव त्याच लाइनवरच्या बाकीच्या उपकरणांना होतो. बरं, लाट न कापता अख्ख्या लाटा गाळायच्या, म्हणजे सेकंदात दोन-चारदा चालू-बंद करायचं म्हटलं, तर दर वेळी व्होल्टेज किंचित खाली-वर होतं आणि घरातले दिवे लुकलुकतात. युरोपात या लुकलुकण्यावर मर्यादा घालणारे नियम आहेत. शिवाय रिलेचे संपर्कबिंदू इतक्या वेळा उघडझाप करून लवकर झिजतात. म्हणून चक्र मुद्दाम संथ ठेवतात. संथ चक्र वीजव्यवस्थेला सोसतं. त्याचा भार पेलायचा तो भांड्याने.

आता ९ आणि तवा. झोनकडे वाकून पाहिलंत तर काचेखाली कॉइलच्या आडवी जाणारी एक काडी दिसेल. ती क्वार्ट्झची किंवा सिरॅमिकची नळी असते आणि तिच्यात धातूची सळी असते. नळी तापली तरी जवळपास पसरत नाही, सळी पसरते. त्या फरकाने टोकाचा स्विच उघडतो. हा लिमिटर. त्याचं काम एवढंच की काच तिच्या सोसण्यापलीकडे, साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे, जाऊ नये. तुमच्या १ ते ९ शी त्याचा संबंध नाही. तो त्यांच्या वरचा पहारेकरी आहे.

भाजीचं पातेलं काचेला सपाट टेकतं आणि उष्णता ओढून घेतं, म्हणून काच मर्यादेच्या आत राहते आणि ९ वर कॉइल अखंड पेटते. माहेरचा तवा मधे खोलगट असणार, म्हणजे काचेला फक्त मधल्या भागात टेकणारा. बाकीच्या झोनवरची उष्णता कोणी घेत नाही, काच तापते आणि लिमिटर वीज तोडतो. तुम्ही १० मागितलंत तरी तो देणार नाही. त्या तव्याला मिळणारी आच तुम्ही नाही, लिमिटर ठरवतोय. पोळ्या एक करपलेली, एक पांढरट होण्याचं हेच मुख्य कारण.

ताई, तव्याच्या उलट्या बाजूवर स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. पट्टीखालून उजेड कुठे दिसतो ते सांगा.

---

राजगिरा (श्टुटगार्ट) | शनिवार, रात्री ८:३०

काका, पट्टी मधेच टेकते आणि दोन्ही कडांना चांगला बोटभर उजेड दिसतो. पातेल्याखाली जवळपास काहीच दिसत नाही. सगळा उलगडा झाला! मनापासून आभार.

---

विजेरी (बर्लिन) | रविवार, सकाळी ९:१५

फार चांगला धागा. थोडी भर घालते. आमच्या जुन्या इमारतीत काचेचा हॉब नाही, ओतीव लोखंडाच्या जाड गोल प्लेटा आहेत, नॉबवर १ ते ६. त्या चालू-बंद होत नाहीत. तिथे खरोखर सहा वेगवेगळ्या वॅटेज मिळतात. प्लेटेत तीन कॉइल असतात आणि नॉब त्यांची जोडणी बदलतो. दोन सारख्या कॉइलींचं उदाहरण घेतलं तर समजायला सोपं: दोन्ही समांतर जोडल्या तर पूर्ण आच, एकच चालू ठेवली तर निम्मी, दोन्ही एकामागे एक जोडल्या तर पाव. तीन कॉइलींच्या अशा जोडण्यांतून सहा पायऱ्या निघतात. आच अगदी स्थिर मिळते. पण लोखंड तापायला वेळ आणि निवायला त्याहून जास्त वेळ. बासुंदीसाठी मला त्या प्लेटा मनापासून आवडतात, फोडणीसाठी अजिबात नाही.

---

कांचनगंगा (डोंबिवली) | रविवार, सकाळी ११:०२

मी काचेबद्दल लिहिते, कारण साहित्यशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि या सगळ्या व्यवस्थेचा पाया ती काचच आहे.

ही साधी काच नाही, काच-सिरॅमिक आहे. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचं तापमान ठरवल्यापेक्षा तीनशे अंशांनी वर गेलं. आतली काच वितळून वाहायला हवी होती. ती वितळली नाही. दुधाळ, टणक पदार्थ बनून बाहेर आली आणि हातातून खाली पडली तरी फुटली नाही. काचेच्या आत अतिसूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. तिथून काच-सिरॅमिकची सुरुवात झाली. जर्मनीत माइंझच्या शॉट कंपनीने १९७१ च्या सुमारास सेरान नावाने स्वयंपाकाच्या हॉबसाठी अशी काच बाजारात आणली, आणि आज जर्मन लोक कुठल्याही काचेच्या हॉबला सेरानच म्हणतात.

लिथियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका यांची ही काच. तिच्यातले स्फटिक तापल्यावर किंचित आकुंचन पावतात आणि भोवतीची काच प्रसरण पावते. दोन्ही एकमेकांना जवळपास रद्द करतात, त्यामुळे अख्खी काच तापून जवळजवळ पसरतच नाही. म्हणून लाल झोनवर गार पाणी सांडलं तरी ती तडकत नाही. शॉटचीच याच कुळातली झेरोडुर काच हवाईच्या केक दुर्बिणींच्या आरशांत आहे. तिथेही गरज हीच, तापमान बदललं तरी आकार बदलू नये.

दुसरा गुण आच सांभाळण्याच्या दृष्टीने जास्त मोलाचा. ही काच साधारण ४ मिमी जाडीची असते. इन्फ्रारेड किरण तिच्यातून वर सहज जातात, पण उष्णता आडवी मात्र फार हळू पसरते. म्हणून झोन धगधगत असतानाही थोड्या अंतरावरच्या काचेला हात लावता येतो. धातूची प्लेट असती तर अख्खी तापली असती.

एक सावधगिरी: उष्णतेचा झटका ती सोसते, आघात नाही. वरच्या कपाटातून मिठाची बरणी किंवा बत्ता टोकावर पडला तर ती फुटते. तडा दिसला की हॉब वापरायचाच नाही, मेन स्विच बंद करायचा. तड्यातून पाणी थेट विजेच्या भागांवर जातं.

---

शेवंती (म्युनिक) | रविवार, सकाळी ११:४०

कांचनगंगा, किती सुंदर लिहिलंत! दोन्ही घरांत हॉबच्या कोपऱ्यात ते नाव छापलेलं होतं, मला तो हॉब बनवणाराच वाटायचा.

---

सुगरण_मावशी (ऑफेनबाख) | रविवार, दुपारी ४:१०

वाचून आनंद झाला. इतकी वर्षं जे हाताला कळलं होतं त्याचं कारण आज कळलं. मी स्वयंपाकाच्या बाजूने लिहिते.

चुलीला जसा वैल असतो, तसं हॉबवर दोन झोन धरायचे. एक ९ वर, दुसरा आधीच २-३ वर लावून ठेवलेला. आच कमी करायची म्हणजे आकडा बदलायचा नाही, भांडं सरकवायचं. आकडा बदलला तरी काच आणि कॉइल तापलेलीच असतात, त्यांना निवायला अवधी लागतो. भांडं उचलणं हाच या हॉबवर आच तत्काळ तोडायचा एकमेव मार्ग. सरकवताना उचलून ठेवा, घासत नेऊ नका. बुडाखाली मिठाचा एक खडा असला तरी काचेवर कायमचा ओरखडा उठतो.

कुकर: ९ वर पहिली शिट्टी आली की लगेच वैलावर. तिथेच राहू दिला आणि नुसता आकडा कमी केला तर आणखी एक-दोन शिट्ट्या होतातच, आणि तूरडाळ ठीक पण भात गिच्च होतो.

फोडणी: तेल तापताना लाल टप्पा चालू असेल तर मोहरी तडतडेपर्यंत थांबा आणि लगेच भांडं उचला, हिंग-हळद भांडं हातात असताना घाला. पातळ कढल्यात कॉइलची प्रत्येक उघडझाप जाणवते. जाड बुडाच्या कढईत जाणवत नाही. काका, हे बरोबर आहे ना?

पोळ्या: जाड, पूर्ण सपाट बुडाचा तवा हवा. ९ वर नाही. ७ वर नीट सात-आठ मिनिटं तापू द्या, मग पहिली पोळी टाका. तवा एकदा भरपूर उष्णता साठवून बसला की मधल्या काळ्या टप्प्यात तो स्वतःच पोळी भाजतो. भाकरी तव्यावरच कापडाने हलके दाबत फुलवा. बिडाचा तवा चालतो, पण त्याचं बूड खरखरीत असेल तर काच घासली जाते, तेव्हा आधी हात फिरवून बघा.

---

जुना_वायरमन (नाशिक) | रविवार, संध्याकाळी ५:००

मावशी, शंभर टक्के बरोबर. जाड बूड हे या यंत्रणेचा न लिहिलेला भाग आहे. हॉब १८०० आणि शून्य देतो, त्यातून ६०० घडवायचं काम बूड करतं. लाल टप्प्यात साठवतं, काळ्या टप्प्यात सोडतं. पातळ स्टीलचं भांडं घेतलंत तर हॉबचा अर्धा कंट्रोल तुम्ही बाजूला काढून ठेवलात.

दुधाचा हिशोब राहिला होता. ३ वरचा ५ सेकंदांचा लाल टप्पा म्हणजे १८०० वॅट गुणिले ५, ९००० ज्यूल. दूध उकळीच्या काठावर असेल आणि त्यातली निम्मी उष्णता जरी दुधात उतरली, तरी सुमारे २ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला किरकोळ, पण २ ग्रॅम पाण्याची वाफ तीन लिटरांहून जास्त जागा घेते. ती सायीखाली अडकते आणि सायीला उचलते. म्हणून दूध लाटेसारखं येतं. जाड बुडाचं पातेलं घेतलं की तेच ९००० ज्यूल पाऊण मिनिटभर झिरपत राहतात आणि वाफ हळूहळू सुटते. उकळी जवळ आली की पळी फिरवत राहा म्हणजे साय धरणार नाही.

---

तिळगूळ (फ्रँकफर्ट) | रविवार, रात्री ९:०५

संक्रांतीला लाडू करणाऱ्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. गुळाचा किंवा साखरेचा पाक तापलेल्या काचेवर सांडला तर तो निवू देऊ नका! बाकी काही सांडलं तर काच गार झाल्यावर पुसायचं, पण साखरेचं उलटं आहे. पाक निवताना काचेला घट्ट चिकटतो आणि आकसतो. काच मात्र आकसत नाही. त्या ओढीने काचेचे बारीक टवके निघतात आणि खड्डा कायमचा राहतो. झोन लगेच बंद करायचा, भांडं बाजूला, आणि हॉबसाठी मिळते ती ब्लेडची खरवडणी घेऊन गरम असतानाच पाक गार भागाकडे ओढून काढायचा. हातात जाड मोजा हवाच. दूध आणि जॅम सांडलं तरी हेच.

---

निळू_फुले_नव्हे_निळू (पिंपरी) | सोमवार, सकाळी ८:३०

आमच्याकडे आता इन्फ्रारेड शेगडी मिळते, इंडक्शनसारखीच दिसते. ती म्हणजे हाच प्रकार ना? तिच्यावर वॅटचे आकडे येतात आणि वेगळं तापमानाचं बटणही आहे.

---

जुना_वायरमन (नाशिक) | सोमवार, सकाळी ९:४५

हो, इन्फ्रारेड शेगडी म्हणजे एका झोनचा सिरॅमिक हॉब. खाली कॉइल किंवा हॅलोजन दिवा. तिच्यावर पितळ, अॅल्युमिनियम, तांबं, काहीही तापतं. ८०० वॅट दिसले म्हणजे बहुतेक वेळा सरासरी ८००. कॉइल लाल-काळी होताना दिसली तर काळजी नको. तापमानाचं बटण सावधपणे वापरा. सेन्सर काचेखाली असतो, तो तेलाचं तापमान थेट पाहत नाही. तळणीला १८० लावलंत तरी तेल प्रत्यक्षात वर किंवा खाली असू शकतं. भज्याचा छोटा गोळा टाकून बघणंच खरं.

इंडक्शनची काच याच कुळातली, पण काम वेगळं. खालची तांब्याची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि भांड्याचं बूडच तापतं, काच फक्त भांड्यामुळे गरम होते. तिथे वरच्या पातळ्यांवर विजेची वारंवारता बदलून आच खरोखर कमी-जास्त करता येते. अगदी मंद आचेला मात्र बऱ्याच इंडक्शन शेगड्याही चालू-बंद करायला लागतात. पातळ पातेल्यात पाणी ठेवून सर्वात कमी आकड्यावर बघा: बुडबुडे येतात, थांबतात, परत येतात.

---

राजगिरा (श्टुटगार्ट) | सोमवार, रात्री ८:१५

सर्वांचे आभार. काल मावशींच्या पद्धतीने दोन झोन वापरले, कुकर आणि दूध दोन्ही नीट झालं. सपाट तवा आणायचा आहे. एक शेवटचा प्रश्न: कधी कधी ५ लावल्यावर आकड्याशेजारी A दिसतं आणि कॉइल कितीतरी मिनिटं अखंड लाल राहते, मग शांत होते. आणि बंद केल्यावर H येतं, ते H आहे तोवर झोन कितपत गरम असतो?

---

विजेरी (बर्लिन) | सोमवार, रात्री ८:४०

A म्हणजे आनकोख-आउटोमाटिक, आपोआप उकळी आणायची सोय. आकडा लावताना बटण जास्त वेळ दाबलं गेलं किंवा ९ वरून खाली आलात की काही हॉबवर ती चालू होते. तेव्हा हॉब आधी ठरावीक मिनिटं पूर्ण आच देतो, मग आपण लावलेल्या ५ वर येतो. ती मिनिटं आकड्यागणिक ठरलेली असतात. उकळी आली की नाही हे तो पाहत नाही. बटाटे उकडायला उत्तम. थोड्या तुपावर रवा भाजायला घेतलात आणि A दिसलं तर आधी ते बंद करा. कसं, ते हॉबच्या माहितीपुस्तिकेत असतं; बऱ्याच ठिकाणी आकडा शून्यावर नेऊन परत लावला की जातं.

H बद्दल: काकांनी सांगितलेल्या लिमिटरच्या काडीवर बऱ्याच हॉबमध्ये दुसरा स्विच असतो. काच साधारण ६०-७० अंशांच्या खाली गेली की तो दिवा विझवतो. तोवर हात लावू नये, लहान मुलं असतील तर विशेषच. पण ती उष्णता वाया घालवायची गरज नाही. भात शिजायला पाच मिनिटं उरली की मी झोन बंद करते आणि झाकण न उघडता तिथेच ठेवते. पाणी आटतं, बुडाला लागत नाही.

---

जुना_वायरमन (नाशिक) | मंगळवार, सकाळी ७:२०

विजेरी ताईंनी दोन्हींची उत्तरं अचूक दिली. खरा बिघाड कसा ओळखायचा तेवढं लिहून ठेवतो, पुढे कोणाला लागेल.

१ किंवा २ वर सपाट भांडं ठेवूनही कॉइल पाच-दहा मिनिटं अखंड लाल राहिली आणि A दिसत नसेल, तर सिमरस्टॅटचे किंवा रिलेचे संपर्कबिंदू चिकटले असतात. त्या झोनला शून्यावर नेऊनही तो बंद होत नसेल तर मेन स्विच पाडा. ९ वर कॉइल अजिबात लाल होत नसेल तर पट्टी तुटली आहे किंवा लिमिटर उघडा अडकला आहे. हॉब रात्रभर गार पडूनही H जात नसेल तर त्या काडीवरचा दुसरा स्विच गेला. दोन कड्यांच्या मोठ्या झोनचं फक्त आतलं कडं पेटत असेल तर बिघाड समजण्याआधी बाहेरच्या कड्याचं बटण दाबलंय का ते पाहा.

यातलं काहीही स्वतः उघडून दुरुस्त करू नका. भाड्याचं घर असेल तर घरमालकांना कळवा आणि कॉइल किती सेकंद लाल, किती सेकंद काळी हे मोजून सांगा. येणाऱ्या माणसाचं निम्मं काम तिथेच होतं.